बेरियमची एकुलती रेघ

मित्रांनो, जरा डोळे मिटा. आता अशी कल्पना करा की तुम्हाला आयुष्यात एकदाच काहीतरी बघायला मिळणार आहे. एकदाच डोळे उघडायचे, समोर जे असेल ते मनावर उमटवून घ्यायचं आणि डोळे मिटून टाकायचे. पुढे कोणीही विचारलं, तर तेवढंच सांगायचं. आणि ती वेळ येण्याआधी चुकून जरी उजेडाची तिरीप आत शिरली, तर सगळं फुकट!

भीती वाटली ना? मलाही वाटायची. जन्मल्यापासून वाटत आली आहे.

मी एक जुनी काच आहे. दोन बोटं रुंद, अर्धी वीत लांब. खिडकीच्या काचेतून तुम्ही पलीकडचं बघता. माझ्यातून पलीकडचं नीट दिसत नाही, कारण माझ्या एका अंगावर जिलेटिनचा पातळ थर आहे आणि त्यात चांदीचे अतिशय बारीक कण आहेत. उजेड पडला की हे कण काळे होतात. म्हणून माझा जन्म झाला तो मिट्ट काळोखात. जी बाई आम्हाला कापायची तिला मी कधी पाहिलंच नाही. ती बोटांनी चाचपून माप घ्यायची आणि आमची कड हळूच ओठाला लावून बघायची. जी बाजू ओठाला किंचित चिकटे ती थराची. मग हिऱ्याच्या टोकाने एक कर्र आवाज यायचा आणि एका मोठ्या काचेच्या आम्ही आठ बहिणी व्हायचो. दर वेळी तो आवाज ऐकला की मला वाटायचं, आता आपला चुराडा होणार.

काळ्या कागदात गुंडाळलेली मी एका दुर्बिणीपर्यंत पोचले. मला एका डब्यात बसवलं, डब्याचं झाकण सरकलं आणि माझी ती एकुलती एक वेळ आली.

एका ताऱ्याचा उजेड माझ्यावर पडत होता. थेट नव्हे. आधी एका फटीतून, मग काचेच्या लोलकातून, रंगारंगांत फाकून. तो उजेड कित्येक हजार वर्षांपूर्वी निघाला होता आणि इतका मंद होता की मला तो सहा तास थेंब थेंब प्यावा लागला. ते सहा तास मी नुसती धास्तावलेली होते. दुर्बिणीवरचा माणूस खोकला तरी मला वाटे, हा आता दिवा लावणार. त्याने दार उघडलं असतं तर हजारो वर्षांचा प्रवास एका क्षणात पुसला गेला असता. त्याने दार उघडलं नाही. त्या अनोळखी माणसाचे मी आजही आभार मानते.

मग मला रसायनाच्या पाण्यात बुडवलं, धुतलं, वाळवलं, आणि माझ्यावर काय उमटलंय ते दिसलं. मधोमध जाड दोऱ्याएवढा एक काळा पट्टा आणि त्या पट्ट्यात आडव्या फळ्यांच्या फटींसारख्या शेकडो बारीक पारदर्शक रेघा. वर आणि खाली, तुलनेसाठी मुद्दाम उमटवलेल्या एका दिव्याच्या रेघा, मोजपट्टीवरच्या खुणांसारख्या.

या रेघा म्हणजे काय ते सांगते. ताऱ्यात वेगवेगळी मूलद्रव्यं असतात. लोह असतं, कॅल्शियम असतं, बेरियम असतं. प्रत्येक मूलद्रव्य उजेडातला आपापला ठरलेला रंग गिळून टाकतं. जो रंग गिळला गेला त्याचा उजेड माझ्यापर्यंत पोचलाच नाही. तिथे माझे कण काळे झाले नाहीत, तिथे रेघ राहिली. म्हणजे मला वाचायचं ते माझ्या काळेपणात नाही, माझ्या रिकामेपणात. रेघ जितकी रुंद, तितकं ते मूलद्रव्य जास्त.

लोहाच्या रेघा माझ्यावर शेकडो आहेत. एखादी नीट दिसली नाही तर शेजारची साक्ष देते. बेरियमची ठळक रेघ मात्र एकच. तिच्यावाचून बेरियमबद्दल बोलणारं माझ्याकडे कोणी नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती या एका रेघेत आहे.

आम्हाला मोजायला एक बाई असायच्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. डोळ्याला भिंग लावून त्या रेघ न् रेघ मोजायच्या आणि महत्त्वाच्या रेघेच्या डोक्यावर शाईचा ठिपका द्यायच्या. ठिपका नेहमी चकचकीत बाजूवर द्यायचा, थराच्या बाजूवर कधीच नाही, हा त्या खोलीचा नियम होता. चकचकीत बाजू नुसती काच असते, ती पुसता येते. थराची बाजू म्हणजे आमचं मन. ते पुसलं की पुसलं.

मोजणीबाईंनी हा नियम तीस वर्षं पाळला. एका दुपारी घरून निरोप आला, मुलगी पडली, हात मोडला. उरलेल्या काचा बाईंनी उभ्याउभ्याच उरकल्या, उजवा हात लिहीत होता आणि डावा पर्स शोधत होता. त्या घाईत मी उलटी ठेवली गेले आणि बेरियमच्या रेघेच्या डोक्यावरचा ठिपका माझ्या थरावर पडला. बाई गेल्या. ठिपका वाळला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर माझ्या नशिबी कपाट आलं. कॉम्प्युटर आले, नवी उपकरणं आली, काचांवर चित्रं घेणं बंद झालं. किती वर्षं गेली ते अंधारात कळत नाही. एकदा मात्र आमच्या शेजारचं कपाट रिकामं झालं. दोन माणसं आली आणि पेट्या उचलून घेऊन गेली. नंतर कपाटाची चावी सांभाळणारे कपाटकाका कोणाला तरी सांगत होते, "सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवल्या. दहा मिनिटांत सगळं निघालं बघा. काच अशी लख्ख! फोटोच्या चौकटीत बसवणार म्हणे."

लख्ख. तो शब्द मी कधी विसरले नाही. लख्ख होणं म्हणजे आमचं मरण.

आणि मग एके सकाळी कपाट उघडलं आणि आत्या आली.

ती खारूची आत्या होती, पण खारू तिला ज्या सुरात हाक मारायची त्यामुळे आम्हा सगळ्या काचांची ती आत्याच झाली. आत्याचा अभ्यास तारकागुच्छांचा. गुच्छ म्हणजे एकाच ढगातून एकाच वेळी जन्मलेले तारे, सख्खी भावंडं म्हणा ना. आपली आकाशगंगा एखाद्या फिरत्या तबकडीसारखी आहे. तबकडीच्या मधल्या भागात ताऱ्यांच्या पुष्कळ पिढ्या जगून गेल्या, त्यांनी जाताना मागे लोह ठेवलं. काठाकडे जावं तसं लोह कमी होत जातं. बेरियमची चाल आणखी निराळी. आत्याने भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. मधून काठापर्यंत एकेक गुच्छ, आणि प्रत्येकासमोर त्यात काय काय किती आहे ते. तिचं म्हणणं साधं होतं. एका गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांचं अंग एकाच मिश्रणाचं असतं, म्हणून दोन-चार भावंडं तपासली तरी त्या जागेची माती कळते. आठ वर्षं ती हे जुन्या काचांवरून दाखवत होती. माझा तारा तबकडीच्या पार काठावरच्या गुच्छातला होता. त्या गुच्छातले चारच तारे काचांवर सापडले होते, त्यांतल्या एकाची काच मी.

खारू साधारण दहा-अकरा वर्षांची होती. पेन्सिली कुरतडते म्हणून आत्याने तिला हे नाव दिलं होतं. सुट्टीत तिचे आईवडील कामावर जात, म्हणून ती आत्याबरोबर यायची. पहिले दोन दिवस तिने काचांना हातही लावला नाही.

"काका, मी एक बघू?" तिने कपाटकाकांना विचारलं.

"बघ की. पण या तुझ्या आत्याच्या लेकी आहेत. लांबून बघायचं, गालगुच्चा घ्यायचा नाही."

"मी काही लहान नाहीये."

"लहान माणसं ऐकतात गं. मोठ्यांचीच भीती वाटते मला."

तिसऱ्या दिवशी आत्याने तिला काम दिलं. स्कॅनरवर ठेवण्याआधी जुने शाईचे ठिपके पुसायचे. कापूस, थोडं स्पिरिट, आणि एखादा हट्टी ठिपका असेल तर ब्लेडची कड. "फक्त चकचकीत बाजू," आत्या म्हणाली. "मंद दिसते त्या बाजूला बोटसुद्धा नाही. शंका आली तर?"

"विचारायचं."

"आणि मी फोनवर असले तर?"

"थांबायचं."

"शाब्बास."

खारूने खरंच नीट काम केलं. चाळीस काचा तिने अशा पुसल्या की कपाटकाका म्हणाले, "हिला कायमची ठेवून घ्या, मी निवृत्त होतो." स्तुती ऐकली की ती पेन्सिल आणखी जोरात कुरतडायची.

मग माझी पाळी आली. तिने चकचकीत बाजू पुसली. बाकीचे ठिपके गेले, बेरियमच्या डोक्यावरचा तेवढा राहिला. तिने पुन्हा पुसलं. पुन्हा राहिला. मला उलटं केलं, डोळ्यांजवळ धरलं आणि तिला समजलं की हा ठिपका दुसऱ्या बाजूला आहे. आत्या बाहेर फोनवर होती. खारूने एकदा दाराकडे बघितलं. मी ओरडत होते, मित्रांनो. माझ्या भाषेत, म्हणजे अजिबात आवाज न करता. थांब, थांब, थांब.

तिला एवढंच वाटत होतं की एकही ठिपका राहू नये. तिने ब्लेडचं टोक ठिपक्याच्या कडेला लावलं आणि हलकेच उचललं. शाईची खपली निघाली आणि त्याच क्षणी टोक खाली घसरलं. केसभर. बेरियमच्या रेघेला चिकटून, पट्ट्याच्या वरपासून खालपर्यंत. जिलेटिनचा एक धागा ब्लेडवर आला.

तिथे आता काळं उरलं नव्हतं. जिथे काळं नाही तिथे रेघ आहे, असं आमच्यात वाचतात. बेरियमची बारीक रेघ तिप्पट रुंद झाली होती.

खारूने ब्लेड टिश्यूत गुंडाळलं, मला पाकिटात घातलं आणि बाकीच्या काचांच्या मध्ये सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला स्कॅनरवर ठेवलं. खालून दिवा आला. स्क्रीनवर माझ्या रेघा हातभर मोठ्या झाल्या. आत्या गुणगुणत होती, ती एकदम थांबली. तिने आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"असं कसं होईल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मागे न वळता तिने विचारलं, "खारू, ही काच तू पुसलीस?"

"हो."

"मंद बाजूला हात लागला होता का गं? ओरखडा वगैरे?"

खारूच्या हातातली पेन्सिल थांबली.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"बरं." आत्याने मान हलवली. तिने भिंग घेऊन मला तिरकं करूनही पाहिलं नाही, कारण खारूवर तिचा विश्वास होता. मला त्या "बरं"ची जेवढी भीती वाटली, तेवढी हिऱ्याच्या टोकाचीही वाटली नव्हती. आजवर मला फुटायची भीती होती, पुसलं जायची होती. आपण खोटं बोलू, ही भीती मला कधी शिवलीच नव्हती. काच खोटं कशी बोलेल? आणि आता मी त्या स्क्रीनवर हातभर मोठं खोटं बोलत पडले होते.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मोठी बैठक होती. काचांची खोली ठेवायची की रिकामी करायची, हे ठरणार होतं. आत्याचा तक्ता हाच आमचा एकमेव वकील होता. ती तिथे सांगणार होती की या काचा अजून खरं बोलतात.

कपाटकाका चहा घेऊन आले तर आत्या तक्त्यासमोर हातात खोडरबर घेऊन उभी.

"काय झालं?"

"काठावरचा गुच्छ. चार भावंडांतलं एक निराळं निघालं. तिप्पट बेरियम."

"अहो, मग ते एक सोडून द्या! चारात एखादं व्रात्य असतंच. माझ्या घरी बघा."

आत्या हसली, पण डोळ्यांनी नाही. "माझ्या सोयीचं नाही म्हणून सोडून द्यायचं? मग मी काचांना विचारते तरी कशाला? तारा आता सूर्याआड आहे, तीन महिने पुन्हा बघता येणार नाही. काच जे सांगते ते मी आज सांगणार. म्हणणार, माझ्या पद्धतीवर आता भरवसा ठेवू नका."

"आणि खोली?"

तिने तक्त्यावरचा काठाचा गुच्छ खोडला. मग त्याच्या आतला खोडला. आठ वर्षांचं काम रबराचा भुगा होऊन टेबलावर पडत होतं आणि ती फुंकर मारून ते बाजूला सारत होती.

खारू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिच्या हाताचे तळवे फ्रॉकला पुसून पुसून लाल झाले होते. ती बोलली तर आत्या रागावेल याची तिला भीती नव्हती, असं मला वाटतं. आत्या पुन्हा कधी "शाब्बास" म्हणणार नाही, याची होती.

आणि माझं काय? तुम्हाला वाटेल, मी मनात म्हणत असेन, बोल गं बाळा, बोल. खरं सांगते, मी तसं म्हणत नव्हते. ती बोलली तर माझ्यावर शिक्का बसणार होता, खराब काच. खराब काचेचं काय होतं ते मला कपाटकाकांनी ऐकवलं होतं. गरम पाणी, दहा मिनिटं, लख्ख. ती गप्प राहिली तर आम्हा सगळ्याच जणींचं तेच होणार होतं, पण कदाचित उद्या, कदाचित परवा. भित्र्याला एक दिवसही फार मोठा वाटतो. म्हणून मी म्हणत होते, गप्प राहा. आज तरी गप्प राहा.

मित्रांनो, म्हणूनच तुमच्याजवळ एक मागणं आहे. कुठलीही जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा जपून धराच, पण हातून ओरखडा गेला तर तोही लपवू नका. आम्हाला तोंड नाही. ओरखडा आमच्या अंगावर राहतो आणि जग त्याला आमचं बोलणं समजतं. तुम्ही सांगितलंत तरच आमचं खरं आणि तुमची चूक वेगवेगळी करता येते.

चारला पाच मिनिटं असताना आत्या कागद घेऊन बैठकीला गेली. खारू बसून राहिली. तिने घड्याळाकडे बघितलं. मग उठली, स्कॅनरवरून मला दोन्ही कडांनी उचललं आणि चालू लागली.

लांबच लांब गुळगुळीत मार्गिका. ती इतकी भराभर चालत होती की प्रत्येक पावलाला मी तिच्या बोटांत हिंदकळत होते. आता पडणार, आता पडणार. तिने कोपराने दार ढकललं. टेबलाभोवती दहा-बारा मोठी माणसं होती. आत्या उभी होती आणि तिचं पहिलं वाक्य अर्धं झालं होतं.

"खारू? काय गं, काय झालं?"

"आत्या, मी खोटं बोलले."

कोणीतरी खुर्ची सरकवली. कोणीतरी घसा खाकरला. खारूने मला खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. खऱ्या रेघा सपाट होत्या, चांदीच्या शांत कणांमध्ये नुसत्या रिकाम्या जागा. ब्लेडचा घाव मात्र खोल होता. तिरक्या उजेडात त्याची कड लखलखली.

"ठिपका या बाजूला होता. तू फोनवर होतीस. मी थांबले नाही."

आत्याने मला हातात घेतलं, भिंग लावलं आणि खूप वेळ पाहिलं. मी वाट पाहत होते त्या शब्दाची. खराब.

"बेरियम गेलं," ती शेवटी म्हणाली. "या ताऱ्याचं बेरियम आता आपल्याला माहीत नाही. तसंच लिहू. लोहाच्या रेघा मात्र सगळ्या जागेवर आहेत." टेबलाच्या टोकाला बसलेल्या साहेबांकडे वळून ती म्हणाली, "मला दहा मिनिटं द्या. मी जे सांगायला उभी राहिले होते, ते आता खरं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "घ्या," ते म्हणाले. "पण मुलीला बाहेर बसवा."

"जा राणी," आत्या म्हणाली. आवाज कोरडा होता. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते मला मोजता आलं नाही. "झालं आता. जा."

खारू दारापर्यंत गेली. सुटली होती बिचारी, कोणी तिला आणखी काही विचारणार नव्हतं. तिने पुसलेल्या पण अजून न मोजलेल्या काचांचा गठ्ठा काचांच्या खोलीत तसाच पडला होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती थांबली. तिची पाठ मला दिसत होती. मग ती परत वळली.

"आत्या," ती म्हणाली, "ओरखडा गेलेल्या अजून दोन काचा आहेत. मी घेऊन येते."

आणि ती धावत नव्हे, जपून चालत, काचा आणायला गेली.